पाच खड्डे

पेन्सिलबाई पहिल्या दिवशी कारखान्यात आली, तेव्हा यंत्राकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्ची ओढून ती धाकटीसमोर बसली आणि म्हणाली, "मला आधी सांगा, हे कुठे चुकतं?"

धाकटीला रागच आला. ते यंत्र करण्यात तिची सात वर्षं गेली होती. जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपला कुठे गळती आहे, हे वरून ऐकून सांगणारं यंत्र. दोन चपटे डबे रस्त्यावर लांब लांब ठेवायचे. फटीतून पाणी सुटल्याचा आवाज एका डब्याला आधी ऐकू येतो, दुसऱ्याला नंतर. त्या फरकावरून हिशेब होतो आणि पडद्यावर गळतीच्या जागी ठिपका उमटतो. तत्त्व सोपं होतं. रस्त्याचा गोंगाट गाळून टाकणं महाकठीण होतं, आणि ती गाळणी धाकटीनं स्वतःच्या डोक्यातून काढली होती.

"तुम्हाला जाहिरात करायला बोलावलंय ना?" तिनं विचारलं.

"नाही. लोकांशी बोलायला. आणि लोक पहिल्यांदा हेच विचारणार."

बाईच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे. शाईनं ती कधी लिहीत नसे; लिहिलेलं खोडता आलं पाहिजे, म्हणे. त्यावरून दुसऱ्याच दिवशी दादानं तिचं नाव पाडलं. दादा म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ आणि कारखान्याचा मालक. आधी तो पंप दुरुस्त करायचा. तीन आठवड्यांनी पाणीखात्याचे मोठे साहेब यंत्राचं काम बघायला येणार होते, सोबत वर्तमानपत्रवाले. खात्यानं हो म्हटलं, तर यंत्र रस्त्यावर जाणार. नाही म्हटलं, तर दादा पुन्हा पंपांकडे आणि यंत्र कपाटात. दादानं हे धाकटीला स्वच्छ सांगितलं होतं, आणि दादा एकदा बोलला की बदलत नसे.

त्यानं घोषवाक्यही तयार ठेवलं होतं: 'जमिनीखालचं सगळं ऐकणारं यंत्र.'

पेन्सिलबाईनं ते वाचलं आणि 'सगळं' वर अलगद रेघ मारली. "आता बरोबर आहे."

"अहो, पण मग त्यात राहिलं काय?"

"जे आहे ते राहिलं."

दादाचा बेतही ठरलेला होता. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत भोक पाडलेला पाइप आपणच पुरायचा. यंत्र ठिपका दाखवणार, मजूर खणणार, कारंजं उडणार, फोटो निघणार. शिवाय खात्यातले कानकाका होते. तीस वर्षं लोखंडी सळई जमिनीला टेकवून, तिच्या टोकाला कान लावून गळती शोधणारा माणूस. "त्यांची आणि यंत्राची शर्यत लावू. माणूस विरुद्ध यंत्र! पहिल्या पानावर येईल."

"काकांना हरवून तुम्हाला काय मिळणार?" बाईनं विचारलं. "उद्या हे यंत्र हातात कोण घेणार? तेच ना? आणि स्वतःच पुरलेला पाइप स्वतःच शोधायचा, याला लोक तिथे टाळ्या वाजवतील आणि घरी जाऊन शंका काढतील."

"मग तुम्हीच सांगा."

"पाच खड्डे. खऱ्या रस्त्यांवर. ज्या ज्या गल्लीत गळतीचा संशय आहे त्यांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि साहेबांनी त्यातल्या पाच उचलायच्या."

"आणि एखादा कोरडा निघाला म्हणजे?"

बाई धाकटीकडे वळली. "किती वेळा निघतो?"

"दहात दोनदा," धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांत हा आकडा तिनं कुणाला मोठ्यानं सांगितला नव्हता. कुणी विचारलाच नव्हता.

"मग पाचात एखादा निघेल. तसं पत्रकात सगळ्यात वर छापू."

दादानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "बाई, तुम्ही नक्की आमच्याच बाजूच्या ना?"

धाकटी मात्र बाईकडे बघतच राहिली. भौतिकशास्त्रात दोनदा नापास झाले, असं ही बाई स्वतःच हसत सांगत असे. आणि नमुना आपण निवडायचा नाही, चूक किती होऊ शकते ते आधी सांगायचं, हे दोन्ही धडे ती एका मालकाच्या टेबलाशी उभं राहून इतक्या सहज मांडत होती. धाकटी ते प्रयोगशाळेत शिकली होती. कारखान्यात आल्यावर ते कुठे ठेवले, हे तिलाही आठवेना.

पुढचे काही दिवस पेन्सिलबाई सकाळी सकाळी कानकाकांबरोबर गल्ल्या फिरत होती. एका सकाळी तिनं धाकटीलाही ओढून नेलं.

"ही यंत्रवाली का?" काकांनी सळईवरून कान न काढता विचारलं. "मला घरी बसवायला निघालीय ती?"

"घरी कशाला? तुमच्याकडून शिकायला आलीय," बाई म्हणाली. "काका, तुम्ही कशाला फसता?"

काका सरळ उभे राहिले. हा प्रश्न त्यांनाही कुणी विचारला नसावा. "फ्रिजला," ते म्हणाले. "दुकानातला मोठा फ्रिज भिंतीला चिकटून ठेवलेला असतो आणि त्याच भिंतीतून पाइप खाली गेलेला असतो. मग तो असा गुणगुणतो की वाटावं, पाणीच चाललंय. एकदा दिवसभर खणत होतो. हाताला फक्त ढेकळं आली. तेव्हापासून मी दुकानदाराला आधी फ्रिज बंद करायला लावतो."

बाईनं अंबाड्यातली पेन्सिल काढून लिहून घेतलं आणि परतताना धाकटीला विचारलं, "हे पत्रकात घालू?"

"नको. आमची गाळणी असले आवाज काढून टाकते."

"तपासलंय?"

"गणितात निघतं."

बाईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "तुमचा विषय, तुमचा शब्द," ती म्हणाली आणि तिनं ते वाक्य खोडलं.

ठरलेल्या दिवशी मोठ्या साहेबांनी चिठ्ठ्या उचलल्या. पहिली गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं. डबे ठेवले, पडद्यावर ठिपका उमटला, अगदी दूधवाल्याच्या दुकानाच्या पायरीपाशी. मजुरांनी खणायला घेतलं. गुडघाभर खणलं, मग कमरेइतकं. पाइप दिसला. कोरडा ठणठणीत. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काहीतरी बोला," तो पेन्सिलबाईच्या कानाशी पुटपुटला. "रस्ता खराब होता म्हणा. वायर सैल होती म्हणा."

"का कोरडा निघाला ते मला माहीत नाही, मालक. माहीत नसलेलं मी बोलत नाही."

एवढ्यात एका वार्ताहरानं हातातलं पत्रक वर धरलं. "अहो, हे तर यांनी आधीच छापलंय की! 'पाचपैकी एखादा खड्डा कोरडा निघू शकतो.' पहिलाच निघाला, एवढंच."

दोघंतिघं हसले. पण साहेब हसले नाहीत. ते खड्ड्यात बघत होते. "का निघाला?" त्यांनी विचारलं.

पेन्सिलबाईनं धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत टोचणी नव्हती; ती फक्त वाट बघत होती. जरा मागे, सळई छातीशी धरून कानकाका उभे होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते. धाकटीनं दुकानाच्या भिंतीवर तळहात टेकवला. भिंत बारीक थरथरत होती.

तिनं हात काढला आणि ती दुकानाच्या दाराशी गेली.

"पाच मिनिटं तुमचा फ्रिज बंद करता?" तिनं दूधवाल्याला विचारलं.

"दूध नासलं तर भरून देणार का?"

"पाच मिनिटांत नाही नासत हो," काका म्हणाले. "मी दर वेळी सांगतो आणि तुम्ही दर वेळी हेच म्हणता."

फ्रिज बंद झाला. पडद्यावरचा ठिपका विझला.

चारचौघांत बोलायचं धाकटी नेहमी टाळत असे. तरी ती बोलली. "चूक यंत्राची नाही, माझी आहे. काकांनी मला हे दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं. या बाईंनी लिहूनही घेतलं होतं. मी न तपासताच ते खोडायला लावलं."

पेन्सिलबाईनं वही उघडली आणि खोडलेल्या ओळीच्या जागी तीच ओळ पुन्हा लिहिली.

पुढच्या गल्लीत कानकाका कुणी न सांगताच पुढे झाले. प्रत्येक दुकानात डोकावून "फ्रिज बंद करा, पाच मिनिटं!" असं ओरडत त्यांनी गल्ली शांत केली आणि मग धाकटीला हातानं खूण केली. दुसऱ्या खड्ड्यात ठिपक्यापासून हातभर अंतरावर पाणी लागलं. तिसऱ्यातही लागलं. चौथ्यात ठिपका जवळजवळ दोन मीटर चुकला आणि खड्डा रुंद करावा लागला. पाचव्यात कुदळ पुरती घुसायच्या आत मजुराची विजार भिजली. त्यानं यंत्राला एक शिवी हासडली आणि सगळी गल्ली हसली. साहेबसुद्धा.

निघताना साहेब धाकटीपाशी थांबले. "त्या फ्रिजचं काय करणार?"

"अजून माहीत नाही. तपासायला दोन महिने तरी लागतील."

साहेबांनी मान हलवली. "मग तोवर यंत्राबरोबर काकांना पाठवावं लागेल," एवढं बोलून ते गाडीत बसले.

दादा जागीच खिळला होता. "गेले? काहीच न सांगता?"

"सांगितलं की," पेन्सिलबाई म्हणाली. "हो म्हणाले ते."

दादाला ते दोनदा समजावून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तो मटकन जवळच्या दुकानाच्या पायरीवरच बसला.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो आला, तो कोरड्या खड्ड्याचा. शेजारी भिंतीला हात लावून उभी असलेली धाकटी. दादा दिवसभर कुरकुरला, "कारंजं उडालं तेव्हा हे फोटोवाले कुठे गेले होते?" पण त्याच आठवड्यात दुसऱ्या दोन गावांच्या पाणीखात्यांतून फोन आले. दोघांनीही फोटोतल्या बाईंशीच, म्हणजे धाकटीशीच, बोलायचंय असं सांगितलं, आणि दोघांचा पहिला प्रश्न एकच होता: हे कुठे चुकतं?

आठवडाभरानं कारखान्याच्या दारात टेम्पो थांबला. चौघांनी मिळून एक जुना, दुकानात असतो तसला मोठा फ्रिज उतरवला आणि धाकटीनं दाखवलेल्या भिंतीला घट्ट चिकटवून ठेवला.

दादा फ्रिजकडे वरून खाली बघत राहिला. "यात ठेवायचंय काय?"

"काही नाही," धाकटी म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. "नुसता चालू ठेवायचाय."

फ्रिज गुणगुणू लागला. पेन्सिलबाईनं खुर्ची ओढून भिंतीजवळ घेतली, अंबाड्यातली पेन्सिल काढून धाकटीच्या हातात दिली आणि वही पुढे सरकवली.