शेवटच्या थांब्यावरचं शौचालय

गाडीवर चढल्यानंतर ओक जंगरान पाण्याच्या बाटलीला हात लावत नसे. सात नंबरची हिरवी छोटी बस ती अकरा वर्षं चालवत होती. खाली मेट्रो स्टेशन, वर सोलबात टेकडीचा शेवटचा थांबा, आणि मध्ये इतकी चढण की पावसाळ्यात प्रवासी दोन्ही हातांनी दांडा धरून बसायचे. एक फेरी पाऊण तासाची. वर पोचलं की आठ मिनिटांची विश्रांती. त्या आठ मिनिटांत माणसानं जावं कुठे, याचा विचार मार्ग आखणाऱ्यानं केला नव्हता. खाली स्टेशनवर शौचालय होतं. पण तिथे गाडी उभी करायला जागा नव्हती. मागून दुसरी बस भोंगा वाजवत असायची.

पूर्वी टेकडीवर एक किराणा दुकान होतं. दुकानदारीण मागचं दार उघडून द्यायची. ते दुकान पाडून तिथे मोठ्या काचांचं कॅफे झालं, आणि त्याच्या शौचालयाला आकड्यांचं कुलूप लागलं. कॉफी घ्या, पावतीवरचा आकडा दाबा. पुरुष चालक संरक्षक भिंतीच्या मागे जायचे. एकसष्ट वर्षांचा मा दकगू परत यायचा तो मान खाली घालून.

"या वयात कुत्र्यासारखं भिंत शोधत फिरायचं," तो म्हणायचा. "पण तुझ्यापुढे बोलायला तोंड नाही मला, जंगरान. मला निदान भिंत तरी आहे."

त्या उन्हाळ्यात जंगरानला मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. ताप चढला, पाठ धरली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" खरं उत्तर द्यायची जंगरानला लाज वाटली. घरी येताना लाजेची जागा रागानं घेतली. लाज आपण का बाळगायची? आपण काय चोरलंय?

वस्तीच्या कार्यालयात त्याच आठवड्यात फलक लागला होता: 'तुमच्या वस्तीला काय हवं, तुम्हीच सांगा. सरकारी निधीतून होईल.' जंगराननं अर्ज घेतला आणि बसच्या स्टिअरिंगवर कागद ठेवून लगेच भरला. कामाचं नाव: शेवटच्या थांब्यावर सार्वजनिक शौचालय. कारण: चालकांना गरज आहे. पुठ्ठे गोळा करणाऱ्या म्हाताऱ्यांना गरज आहे. टेकडी चढून येणाऱ्या प्रत्येकाला गरज आहे. कार्यालयातल्या योम हाउन नावाच्या मुलीनं तो वाचला आणि हळूच म्हणाली, "ताई, माझी आई पण कपड्यांच्या कारखान्यात अशीच दिवसभर रोखून धरून राहायची."

वस्तीचं मतदान झालं. बावीस कामांमध्ये शौचालयाला सगळ्यांत जास्त मतं पडली. वस्तीतली ताक गुमे आजी, वय एक्याऐंशी, घरोघर फिरली होती. "मत द्या रे, नाहीतर तुमच्या दारात बसेन," अशी धमकी देत फिरली होती, आणि आजीच्या बाबतीत ती पोकळ नव्हती.

आता फक्त नगरपरिषदेच्या समितीची मंजुरी राहिली होती. जंगराननं सुट्टी घेतली, लग्नकार्यातला कोट घातला आणि आजीला सोबत घेऊन सभागृहात जाऊन बसली.

समितीचे अध्यक्ष प्यो संगग्यू यांचा चेहरा निवडणुकीच्या भित्तिपत्रकासारखा कायम हसरा होता. पडद्यावर चित्र आलं. टेकडीच्या टोकावर लाकडी कट्टा, त्यावर माणसाच्या उंचीची प्रकाशाची अक्षरं, आणि मागे समुद्र. खाली लिहिलं होतं: 'सोलबात तारांगण कट्टा. प्रस्ताव: नागरिक ओक जंगरान.'

जंगरानला आधी वाटलं, आपल्या नावाची दुसरी कोणी असेल.

"नागरिकांची मूळ सूचना फार मोलाची होती," प्यो साहेब सांगत होते. "तज्ज्ञांनी तिला जरा व्यापक रूप दिलं. शौचालय दुसऱ्या टप्प्यात घेऊ. टेकडीवर पर्यटक आले की वस्तीचा चेहरामोहरा बदलेल. शिवाय टेकडीवरच्या नव्या इमारतीतल्या रहिवाशांची हरकत आहे. दुर्गंधी, घरांच्या किमती, तुम्ही समजू शकता. सूचना करणाऱ्या ओक ताई इथे आल्यात. ताई, उभ्या राहा. टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. जंगरान उभी राहिली, पण वाकून नमस्कार केला नाही.

"ही माझी सूचना नाही," ती म्हणाली.

"म्हणजे मूळ कल्पना..."

"कल्पना नाही, साहेब. मी शौचालय मागितलं होतं. चार भिंती, नळ, आतून लागणारी कडी. कट्टा मी मागितला नाही. वस्तीनं मत कट्ट्याला दिलं नाही. माझं नाव तिथून काढा."

"ताई, बसा. तुमची भावना पोचली."

"पोचली नाही." जंगराननं समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. "अकरा वर्षं मी तुमच्या माणसांना वर नेते, खाली आणते. आणि काही दिवशी मी म्हाताऱ्यांचे डायपर घालून गाडी चालवते. बावन्न वर्षांची आहे मी. धडधाकट आहे. मला डायपर लागतो, कारण या शहराला वाटतं की बस चालवणाऱ्या बाईला पोटाखाली काही नसतं."

सभागृहात कोणीतरी खोकलं. प्यो साहेबांचं हसू पहिल्यांदा मावळलं.

"हे असं बोलायची ही जागा आहे का? इथे बायकामाणसं बसलीत."

"मी कोण आहे मग?" जंगराननं विचारलं.

नागरिकाला बोलायला मिळणारी तीन मिनिटं संपल्याची घंटा वाजली. हात वर झाले. कट्टा मंजूर झाला, सात विरुद्ध दोन मतांनी. बाहेर योम हाउन पायऱ्यांवर उभी होती. तिचे डोळे लाल होते. "ताई, मी फाईल जशीच्या तशी पाठवली होती. शपथेवर सांगते."

"तुला कोण दोष देतंय, पोरी?" जंगरान म्हणाली. गुमे आजीनं मात्र इमारतीकडे नीट पाहून घेतलं.

"चांगली ऐसपैस आहे," आजी म्हणाली. "आत शौचालय असेलच की."

जंगराननं वळून पाहिलं. नगरपरिषदेची इमारत म्हणजे सात नंबरचा वरून येतानाचा चौथा थांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या फेरीला जंगराननं त्या थांब्यावर बस उभी केली, इंजिन बंद केलं, चावी काढली आणि काचेला हातानं लिहिलेली पाटी लावली: 'चालक शौचालयात गेल्या आहेत. चार मिनिटं.' मग ती उतरून सरळ इमारतीत गेली.

परत आली तेव्हा कोटटायमधला एक माणूस घड्याळ दाखवत ओरडत होता. "हा काय प्रकार आहे? आम्ही कामाला जायचं की तुमची वाट बघायची? तक्रार करीन मी!"

"कर की," मागच्या सीटवरून गुमे आजी म्हणाली. "इथेच कर, ऑफिस समोरच आहे. जातोयस तर मलाही हात दे, मला पण जायचंय."

सगळी बस हसली. तो माणूस नाही हसला, पण खाली बसला.

त्या दिवशी जंगराननं दर फेरीला गाडी थांबवली. पाणीही प्यायली, मुद्दाम, सगळ्यांच्या देखत, बार्ली घालून उकळलेल्या पाण्याचा थर्मास उघडून. तिसऱ्या दिवशी दकगूनं पाटी लावली. आठवडा संपेपर्यंत सातही चालकांनी लावली. आणि गुमे आजीनं आपली फौज आणली: पुठ्ठेवाल्या, भाजीवाल्या, नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या. दर पंधरा मिनिटांनी एक बस थांबायची आणि सहासात म्हाताऱ्या काठ्या टेकत संगमरवरी फरशीवरून दुसऱ्या मजल्यावरच्या शौचालयाकडे निघायच्या.

पहारेकऱ्यानं आडवा हात केला. "आजी, इथे काम असेल त्यांनाच प्रवेश."

"कामालाच आलेय. तुला काय वाटलं, फिरायला? सविस्तर सांगू का काम?"

पहारेकऱ्यानं हात खाली घेतला.

बस कंपनीनं जंगरानला तीन दिवस कामावरून उतरवलं. कागदावर कारण लिहिलं होतं: 'वेळापत्रकाचा भंग.' व्यवस्थापकानं तो कागद तिच्या हातात दिला आणि नजर चुकवत म्हणाला, "माझ्या हातात असतं तर..." जंगराननं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. तीनही दिवस ती नगरपरिषदेच्या थांब्यावर उभी राहिली, आणि दकगूची बस आली की म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवत राहिली. तिसऱ्या दिवशी स्थानिक वार्ताहर आला. त्यानं रांगेचा फोटो काढला. पाचव्या पायरीवर फाईल घेऊन उभे असलेले प्यो साहेब त्या फोटोत आपोआप आले.

पुढच्या महिन्यात समिती पुन्हा बसली. या वेळी कोणी तज्ज्ञ नव्हता आणि पडद्यावर चित्रही नव्हतं. शौचालय मंजूर झालं, नऊपैकी नऊ मतांनी. कट्टा 'पुढील अभ्यासासाठी' ठेवला गेला. ज्या सात जणांनी आधी हात वर केले होते, त्यांनी तेच हात पुन्हा वर केले. जंगरान ते बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला वाटत होतं, एवढं सोपं होतं? मग माझं मूत्रपिंड का लागलं पणाला?

नोव्हेंबरच्या झोंबऱ्या वाऱ्यात उद्घाटन झालं. छोटीशी राखाडी इमारत, दोन दारं, शिवाय एक रुंद दार चाकाच्या खुर्चीसाठी. लाल फीत लावली होती. प्यो साहेब पांढरे हातमोजे घालून आले होते, आणि हसू परत आपल्या जागेवर बसलं होतं.

"नागरिकांचा आवाज ऐकणं हेच आमचं ब्रीद आहे," ते माइकमध्ये म्हणाले. "ओक ताई, या ना पुढे. आपण दोघं मिळून कात्री धरू."

जंगरान वर्दीतच आली होती. तिची आठ मिनिटं चालू होती. ती फितीजवळ गेली, कात्री घेतली नाही. फितीखालून वाकून आत गेली. नळ सोडून पाहिला, कडी लावून पाहिली, कोपऱ्यातली रिकामी खुंटी पाहिली आणि बाहेर आली.

"साफसफाई कोण करणार?"

"हं?" प्यो साहेबांनी माइक खाली घेतला.

"झाडू नाही, बादली नाही. माणूस कोण नेमलाय? दिवसातून किती वेळा?"

प्यो साहेबांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यानं त्याच्या शेजारच्याकडे पाहिलं. नजर शेवटी योम हाउनपर्यंत आली, आणि तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तरतूद नाही. मी दोनदा लिहून कळवलं होतं."

"ते बघू नंतर," प्यो साहेब दातांतून म्हणाले. "आज शुभ दिवस आहे, ताई. फोटो तरी काढू द्या."

"म्हणजे दोन महिन्यांत घाण होणार, आणि मग तुम्ही म्हणणार, बघा, लोकांना वापरता येत नाही, कुलूप लावा."

गुमे आजी पुढे झाली, फितीला हातानंच बाजूला सारून रुंद दारातून आत शिरली आणि कडी लावून घेतली. बाहेर सगळे पाहुणे, हातमोजे आणि कात्री घेऊन, वाऱ्यात थांबले.

जंगराननं घड्याळ पाहिलं. वेळ झाली होती. ती बसमध्ये चढली, खिशातून अर्जाचा कोरा कागद काढून स्टिअरिंगवर पसरला, आणि कामाच्या नावाच्या रकान्यात लिहिलं: 'सफाई कामगार, दोन पाळ्या, पूर्ण पगारावर.' मग तो घडी करून वर्दीच्या खिशात ठेवला आणि गाडी उताराला लावली.