सात कोटींची गाडी

गेल्या वर्षी तुळशीराम शर्यतीत छकड्यावरून वाळूत आपटला आणि खांद्याचं हाड मोडून बसला. दीड महिना सुचिताने त्याला चमच्याने पेज भरवली. बैलांना मात्र तो अंथरुणातून ओरडून ओरडून अंडी चारायला लावत होता. हाड जुळलं तेव्हा तिने बैलांसमोरच त्याच्याकडून शब्द घेतला, यंदा हरलो तर छकडा चुलीत.

म्हणून आज किनाऱ्यावर अख्खं गाव तुळशीरामच्या बाजूने ओरडत होतं आणि त्याची लग्नाची बायको मनातल्या मनात समोरच्या छकड्यावरच्या येसाजीच्या.

दोन्ही छकडे एकदमच आले. कोण पुढे ते कुणालाच दिसलं नाही, पण दिसलं असतं तरी उपयोग नव्हता. डोळ्यांनी निकाल लावण्यावरून दोनदा डोकी फुटल्यावर कमिटीने ठराव केला होता, यंत्र सांगेल ते खरं आणि आकडा लहान तो जिंकला. प्रत्येक छकड्याच्या बाजूला वेळ मोजणारा एक डबा. त्यातला तुळशीरामच्या बाजूचा खाऱ्या पाण्याने कालच मेला, म्हणून सकाळी पनवेलहून नवा आणून बसवला. जुन्यासारखाच आहे का, हे विचारण्याची अक्कल कमिटीत असती तर ती कमिटी कशाला झाली असती?

निकाल पुकारणाऱ्या नामाने माइक तोंडाशी धरला. "येसाजी, बहात्तर हजार चारशे अठरा. आणि आपला तुळशीराम..." तो थांबला, बोट लावून अंक मोजले. "सात कोटी चोवीस लाख पंधरा हजार तीनशे. तुळशीरामदादा, बैलं काशीला जाऊन आली काय?"

किनारा खदखदला. येसाजीला लोकांनी खांद्यावर घेतलं. तुळशीराम बैलांच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

सुचिता सुटली होती. छकडा चुलीत, नवरा घरात, हाडं जागच्या जागी.

पण वीस वर्षं सातवीला गणित शिकवणाऱ्या बाईला आकडा ऐकून गप्प बसता येत नाही. ती डब्यांपाशी गेली, वाकली. येसाजीच्या जुन्यावर मिलिसेकंद, तुळशीरामच्या नव्यावर मायक्रोसेकंद. आकड्यापुढचं एकक खाल्लं म्हणून तिने पोरांचे अर्धे मार्क कापले होते. नामाचेही कापले होते. त्याला अजून अक्कल आली नव्हती.

"नामा, माइक दे."

"बाई, तुमच्या घरचा मामला हाय, लोक म्हणतील..."

"दे म्हटलं." तिने तो घेतलाच. "हजार मायक्रोसेकंदांचा एक मिलिसेकंद, हजार मिलिसेकंदांचा एक सेकंद. तुमचे सात कोटी मिलिसेकंद धरले तर वीस तास होतात. म्हणजे आमची गाडी काल दुपारी सुटली. कुणी पाहिली?"

कुणी पाहिली नव्हती.

"मग सात कोटींना हजाराने भागा. बहात्तर हजार चारशे पंधरा, वर थोडं. येसाजीभाऊ अठरा. तीनही मिलिसेकंद नाही फरक."

"तीन म्हणजे किती, वहिनी?" येसाजी खांद्यावरूनच म्हणाला.

"पापणी एकदा लवायला दीडशे लागतात. तेवढ्यात पन्नास वेळा हराल."

येसाजीला लोकांनी खाली ठेवलं. ज्यांनी उचललं होतं तेच आता तुळशीरामकडे धावले. गावाच्या निष्ठेला तर मिलिसेकंदही लागत नाही.

तुळशीराम गर्दीतून वाट काढत तिच्यापुढे आला. "गप बसली असतीस तर सुटली असतीस."

"व्हय. आणि सोमवारी वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"मग छकडा ऱ्हायला?"

"राहिला." तिने स्कूटीच्या हँडलला अडकवलेलं आपलं जांभळं हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर दाबलं, हनुवटीखाली पट्टा आवळला. माइक चालूच होता. "म्हसळ्याच्या शर्यतीला हे घालून उतरायचं. न्हायतर मी येते आणि तिथले डबेही वाचते."

"बैलं हसतील गो."

"हसू देत. त्यांची हाडं शाबूत आहेत."