स्टोरहॉर्नवर जावई

आमच्या सुन्निवानं स्वतःसाठी नवरा शोधला, आणि तो निघाला डेन्मार्कचा. मला त्याचं काही वाटलं नाही. आस्गर शांत माणूस, दातांचा डॉक्टर, जेवण झालं की न सांगता भांडी घासायला उठणारा. पण माझ्या नवऱ्याच्या, आर्नस्टेनच्या, तो घशाखाली उतरेना.

"डेन्मार्कचा?" तो म्हणाला. "तिकडे डोंगर म्हणून जे दाखवतात ना, त्यावर आपली म्हातारी गायसुद्धा रवंथ करत चढेल."

"मुलगी काय डोंगराशी लग्न करतेय?"

"माणूस पारखावा तो डोंगरावर. घरात काय, सगळेच गोड वागतात."

झालं. जुलैतल्या एका शनिवारी सुन्निवा इस्पितळात ड्यूटीवर असताना आर्नस्टेननं त्याला स्टोरहॉर्नला न्यायचं ठरवलं. मीही निघाले. एक तरी शहाणं माणूस सोबत हवं म्हणून.

स्टोरहॉर्न आमच्या परसातूनच उठतो. खाली फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राचं, काळंशार पाणी, काठाला आमचं घर, मागे गोठा, आणि मग जे वर जायचं ते सरळ आभाळातच. मधे टेकायला देवानं जागा म्हणून ठेवलेली नाही.

आस्गरचे बूट कोरे करकरीत होते. एकाला तर दुकानातली चिठ्ठी अजून लटकत होती.

"जावईबापू, बूट परत करायचेत वाटतं?" आर्नस्टेननं विचारलं आणि आपला पाय पुढे केला. "हे बघ. आमच्या लग्नाआधीचे. कातडं बघ, शिवण बघ. असला माल आता मिळायचा नाही."

"छान आहेत," आस्गर म्हणाला. निदान तसं म्हणाला असावा. डेन्मार्कची माणसं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी बोलतात. निम्मं ऐकायचं, निम्मं समजून घ्यायचं.

बर्चच्या झाडीतून वाट नुसती मुळांवरून चढत होती. गोमाशांनी आस्गरवर लग्नातल्या पंगतीसारखा ताव मारला. त्याचा चेहरा बिटासारखा लाल झाला. आर्नस्टेन पुढे ढांगा टाकत होता, आणि आस्गर धापा टाकत जवळ पोचला रे पोचला की "झाली ना विश्रांती?" म्हणून पुन्हा चालू पडत होता. विश्रांती झालेली असायची ती आर्नस्टेनची.

इतक्यात मागून ओसहिल्ड आली. आमची शेजारीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सोबत कुत्रा. दर शनिवारी ती हा डोंगर चढते, जशा बाकीच्या बायका दुकानात जातात.

"हा का तो डेन्मार्कचा?" तिनं न थांबताच विचारलं. "बरा दिसतोय. जरा शिजलाय एवढंच." आणि कुत्र्यासकट ती वळणाआड गेलीसुद्धा.

झाडी संपल्यावर कातळ लागला. तिथे धरायला साखळ्या ठोकलेल्या आहेत. आस्गर त्या साखळ्यांना असा बिलगला की मला वाटलं, सुन्निवालासुद्धा त्यानं इतक्या प्रेमानं कधी धरलं नसेल. पण चढला. कुरकुर न करता चढला. मी आर्नस्टेनकडे बघितलं, तर तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

खरी परीक्षा डोंगराच्या धारेवर. शिखराच्या अलीकडे डोंगर असा अरुंद होतो की एका बाजूला फ्योर्ड, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे आपण. खालची फेरीबोट काड्यापेटीएवढी दिसते. आस्गर दोन पावलं गेला, उभा राहिला, आणि घोड्यावर बसावं तसा दोन्हीकडे पाय सोडून चक्क खाली बसला.

"अरे, ऊठ!" आर्नस्टेन ओरडला. "इथून शाळेतली पोरं पळत जातात."

"जाऊ देत," आस्गर डोळे मिटून म्हणाला. "मी असाच येतो."

आणि बूड घासत घासत, एकेक वीत पुढे, तो खरंच यायला लागला. वर सारखा बोलतही होता. भीतीनं काहींची वाचा जाते, ह्याची सुटली होती.

"अहो आर्नस्टेन, मी पडलो ना, तर सुन्निवाला सांगा..."

"पडत नाहीस तू. काय सांगू?"

"सांगा, की मी बोललो नव्हतो. म्हणजे आत्ता बोलतोय, पण आधी नव्हतो. आम्ही इथे राहायला येतोय. गावात दातांच्या डॉक्टरची जागा निघालीय, मला मिळालीय. ती रविवारी जेवताना सांगणार होती. मला तोंड उघडायला बंदी होती."

आर्नस्टेन वर्षभर मनात धरून बसला होता की पोरगी आता त्या सपाट देशात जाणार, नातवंडं गरम बटाटा तोंडात धरून बोलणार. मला कधी म्हणाला नव्हता, पण रात्री कूस बदलणारं माणूस शेजारीच असतं ना. त्यानं आमच्याकडे पाठ केली आणि बाहीनं डोळे पुसले.

"वारा फार सुटलाय," तो म्हणाला.

समोर शिखरावर ओसहिल्डचा कुत्रा बसला होता. त्याच्या कानावरचा केसही हलत नव्हता.

मग आपला चेहरा दिसू नये म्हणून आर्नस्टेन तरातरा पुढे निघाला, आणि फट्‌कन आवाज झाला. त्याच्या उजव्या बुटानं आ वासला. तळ पुढून सुटून जिभेसारखा लोंबत होता. त्यानं पाय झटकला, तर तळ उडाला आणि गिरक्या घेत फ्योर्डच्या दिशेनं गेला. दुसरा पाय सावरायला टेकला, तर त्याचाही तळ हलायला लागला.

मी हसले नाही. ओठ चावून रक्त यायची वेळ आली, पण हसले नाही.

आस्गर घासत घासत त्याच्यापर्यंत पोचला. डाव्या बुटाचा तळ बोटानं हळूच दाबला आणि सवयीनं विचारलं, "किती दिवसांपासून हलतोय?"

आता मात्र मी हसले. ओसहिल्ड शिखरावरून हसली. एवढं सगळं बघून आर्नस्टेनलाही हसू फुटलं, आणि हसताना तोल जाऊ नये म्हणून तोही खाली बसला, तसाच, दोन्हीकडे पाय सोडून.

आस्गरनं सॅकमधून बँडेज आणि चिकटपट्टी काढली. उजव्या बुटाला आपला लोकरी मोजा वरून चढवला, डाव्याला पट्ट्यांवर पट्ट्या गुंडाळल्या. काम चालू असताना त्याचे हात जराही थरथरले नाहीत, की दरीकडे त्याचं लक्ष गेलं नाही. शिखरावर आम्ही तपकिरी चीजचे पाव खाल्ले, संत्री सोलली, कॉफी प्यालो. मग उतरायला लागलो. धार दोघांनीही बसूनच पार केली, पुढे जावई, मागे सासरा.

"टाच आधी टेका," आस्गर सांगत होता. "मग बूड. घाई नको."

"कळतं मला!" आर्नस्टेन खेकसला, आणि टाच आधी टेकली.

खाली झाडीत ओसहिल्डनं आम्हाला पुन्हा मागे टाकलं. त्या मोजा घातलेल्या पायाकडे बघून म्हणाली, "आर्नस्टेन, बुटाला खिळे तरी मारून घ्यायचेस. आता सोमवारी साऱ्या गावाला सांगावं लागणार मला."

संध्याकाळी धक्क्यावर बसून आम्ही कोळंबी सोलत होतो. सुन्निवा ड्यूटीवरून आली आणि तिनं आस्गरकडे असं बघितलं की त्यानं मान खाली घातली.

"बोललास ना?"

"मरणाच्या दारात होतो गं."

आर्नस्टेननं कोळंबीचं डोकं पाण्यात फेकलं. "घर कुठे बघताय?"

"तुमच्या शेजारचं रिकामं आहे ना," सुन्निवा म्हणाली.

"मुळीच नको. इकडे नोव्हेंबरपासून ऊन येत नाही, डोंगर मधे येतो. समोरच्या काठावर घ्या. तिकडे हिवाळ्यातही अंगणात ऊन पडतं. पोराबाळांना ऊन पाहिजे. मी बोटीनं येत जाईन."

माझ्या हातातली कोळंबी हातातच राहिली. तीस वर्षं, दर हिवाळ्यात, मी ह्या माणसाला म्हणत आलेय की चल, पलीकडे राहू, तिकडे ऊन आहे. आणि दर हिवाळ्यात ह्याचं उत्तर एकच: "उन्हाचं काय लोणचं घालायचंय?"