उपवासाचा गट

त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत मी अगदी निवांत होते. काम वेळेआधी हातावेगळं झालं की मला देवाने पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं.

लखनौच्या आलमबागला आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही इतर संस्थांसाठी सर्वेक्षणं करतो. या खेपेला चौक बाजाराच्या मागच्या एका वस्तीतलं काम होतं. तिथल्या बायका चिकनकारीचे कपडे घरी आणून भरतकामाचे टाके घालतात. प्रत्येकीला विचारलं होतं, काल किती वेळा जेवलात, काय जेवलात, आणि एकदाच जेवला असाल तर का. ज्या घरात अन्नाची टंचाई दिसेल त्या घराला वर्षभर पीठ, डाळ, तेल मिळणार होतं. सामान देणारी संस्था दिल्लीची. यादी संध्याकाळी पाचच्या आत हवी, नाहीतर हे सगळं दुसऱ्या शहराला जाईल, असं सक्सेना सरांनी सकाळपासून किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे.

माझ्याकडे काम एवढंच, की सॉफ्टवेअरमध्ये एक नवा रकाना तयार करायचा आणि उत्तरांवरून प्रत्येकीला त्यात एका गटात टाकायचं. एकदाच जेवली तर गट एक, 'अन्नटंचाई'. त्याहून जास्त वेळा जेवली तर गट तीन, 'पुरेसं'. पण एकदाच जेवलेल्या कितीतरी जणींनी कारण सांगितलं होतं, व्रत. आता व्रतवालीला टंचाईत कसं टाकायचं? गुरुवारी मीही एकदाच जेवते. मला कुणी उपाशी म्हटलं तर कसं वाटेल? म्हणून मी मधला गट केला. गट दोन, 'उपवास'. कारणाच्या रकान्यात 'व्रत' दिसलं की बाई गट दोनमध्ये. बटण दाबलं आणि सगळ्या बायका आपापल्या जागी जाऊन बसल्या.

"वाह मधुमतीजी! वरना दिल्लीवाले समझते, आधा लखनऊ भूखा सोता है," सक्सेना सर म्हणाले.

"सर, व्रत के मामले में ताई से पूछे बिना तो पंचांग भी नहीं छपता," स्वरदा म्हणाली. स्वरदा आमची सर्वेक्षणातली मुलगी. वडील हवाईदलात, ती जन्मली-वाढली इथेच. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं छान चालतं.

दुपारी पाठवण्याआधी एकदा नजर टाकावी म्हणून मी गट दोनचा जेवणाचा रकाना उघडला. खरं सांगायचं तर थोडी हौस म्हणूनच. कोण काय फराळ करतं ते बघू. उकडलेले बटाटे, सेंधा नमक, म्हणजे उपवासाचं सैंधव. दूध-केळं. उपवासाच्या कुट्टू-पिठाची पुरी. वाचता वाचता मला बरं वाटत होतं. मग एक ओळ आली. रामकली. कारण, व्रत. जेवण, रोटी, नमक, प्याज.

मी परत वाचलं.

घराघराची रीत वेगळी असते, हे मला मान्य आहे. इथल्या बायका मंगळवारी संध्याकाळी गोड खाऊन उपवास सोडतात, त्यात पोळीही असते. पण कांदा? खालच्या ओळी भराभर वाचत गेले. नमक-रोटी. रात का चावल, नमक. रोटी-पियाज. मी फक्त कारणाचा रकाना बघून नियम लिहिला होता. उपवासाच्या नावाखाली कुणी भूक झाकत असेल, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं.

"स्वरदा, ही रामकली आठवते का गं?"

"हाँ ताई, गली के आख़िरी मकान वाली। बहुत सलीके से बात करती हैं।"

"उपवास आहे असं तिने स्वतः सांगितलं?"

"हाँ, हँसकर बोलीं। पड़ोसनें भी खड़ी थीं।"

"शेजारणींसमोर विचारलंस?"

"तो क्या करती? वहाँ फ़ॉर्म निकालो तो पूरा मोहल्ला जुट जाता है, जैसे मेला लगा हो।" आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हळूच, "क्या हुआ ताई?"

मी रामकलीला फोन लावला. लावायला नको होता.

"दीदी, सर्वे वाले ऑफ़िस से बोल रही हूँ। उस दिन आपका व्रत था न?"

"हाँ।"

"कौन सा व्रत था?"

पलीकडे हापशाचा आवाज येत होता. तो थांबला. "भगवान का।"

"किस भगवान का?"

शब्द तोंडातून गेले आणि मला ते परत गिळावेसे वाटले. इतकी वर्षं मी व्रतं करते आहे, मला कधी कुणी असं दरडावून विचारलेलं नाही.

"सब एक ही हैं, दीदी," ती म्हणाली. "कढ़ाई का काम पड़ा है, रखती हूँ।"

मी सरांकडे गेले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अब? अरे, लोग शाम को व्रत खोलते भी तो हैं!"

"प्याज़ से नहीं खोलते, सर।"

"क्या?" माझा आवाज लहान आहे, ते पुढे वाकले. मी पुन्हा सांगितलं.

"तो फ़ोन करके सबसे पूछ लीजिए।"

"एक से पूछ लिया, सर। दूसरी से नहीं पूछूँगी।"

"और कोई सचमुच की व्रतवाली घुस गई एक नंबर में? दिल्ली वाले मेरी गर्दन पकड़ेंगे।"

"तो उसके घर थोड़ा आटा ज़्यादा चला जाएगा। उल्टी ग़लती हुई तो कोई साल भर भूखी रहेगी। नियम मेरा है, काग़ज़ पर मेरा नाम लिख दीजिए।"

सरांनी पेन मिटलं. "साढ़े चार तक। उसके बाद जो है वही जाएगा।"

नवा नियम लिहिला. कारण व्रत असलं तरी जेवणात कांदा किंवा मीठ असेल तर बाई गट एकमध्ये. चालवला, तर निम्म्याच हलल्या. सर्वेक्षणातल्या एका मुलीने 'प्याज' लिहिलेलं, दुसरीने 'पियाज'. ते दुरुस्त केलं. पुन्हा चालवला, तर उकडलेले बटाटे खाणाऱ्यासुद्धा गट एकमध्ये जाऊन बसलेल्या. सेंधा नमक! त्यातही 'नमक' आहेच की. बोटं चुकीच्या अक्षरांवर पडत होती. मनात जप चालू होता आणि जपातही चूक होत होती. सेंधा वगळलं. पुन्हा चालवला. या खेपेला दूध-केळं, बटाटे, कुट्टूची पुरी मागे राहिली आणि रामकली गट एकमध्ये आली.

तेवढ्यात तिचाच फोन.

"दीदी, आप लोग लिस्ट गली में खंभे पर चिपकाते हैं न?"

"जी। जिनको सामान मिलना है, उनकी।"

"उसमें ऊपर क्या लिखा रहता है?"

माझ्यासमोर पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'अन्नटंचाई' लिहिलेलं होतं. त्याचं हिंदी करून तेच खांबावर लागणार होतं.

"हमारा नाम उसमें मत डालिए," ती म्हणाली. "लड़की की बात चल रही है। उन लोगों का उसी गली से आना-जाना है। व्रत में ही रहने दीजिए।"

फोन ठेवला गेला. सव्वाचार वाजून गेले होते. तिला परत गट दोनमध्ये टाकणं माझ्या एका बोटाचं काम. तिनेच मागितलं होतं. पण मग वर्षभराचं पीठ? मुलगी सासरी जाईपर्यंत मायलेकी मीठ-भाकरीवरच? आणि तिच्यासारख्या बाकीच्यांनी फोन केला नाही, म्हणून त्यांना काही वाटत नसेल, असं थोडंच आहे?

"ताई, टाइम," स्वरदा मागून म्हणाली.

गटांच्या खिडकीत प्रत्येक गटाचा आकडा असतो आणि शेजारी त्याचं नाव. दिल्लीला फक्त आकडा जातो. नाव आपल्याला वाचायला, आणि खांबावर लावायला. ते मीच सकाळी ठेवलं होतं, काही विचार न करता. मी 'अन्नटंचाई' पुसलं. रिकाम्या चौकटीत काय लिहावं ते सुचेना. खोटं लिहायचं नव्हतं. वाटप याच बायकांपासून सुरू होणार, एवढं तर खरं होतं. मी लिहिलं, 'पहली पारी', म्हणजे पहिली खेप; क्रिकेटच्या डावालाही हिंदीत हाच शब्द.

सरांनी वाचलं. "ये क्या है? मैच हो रहा है?"

"सर, दिल्ली तो एक नंबर ही जा रहा है।"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भेजिए," एवढंच म्हणाले.

फाईल गेली. दिल्लीहून पोच आली, बाकी काही नाही. उद्या ते व्रतवाल्या का कमी झाल्या विचारतील, की विचारणारच नाहीत, कळायला मार्ग नव्हता. मी रामकलीला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. या वेळी तिने उचलला.

"दीदी, आपका नाम लिस्ट में है," मी म्हटलं. "ऊपर लिखा है, पहली पारी।"

"और?"

"और कुछ नहीं लिखा।"

तिच्या मागे कुणी बाई विचारत होती, किसका फ़ोन है. ती आता ठेवून देईल असं वाटलं.

"ऑफ़िस से है," रामकली त्या बाईला मोठ्याने म्हणाली. मग मला, तेवढ्याच मोठ्याने, "अच्छा दीदी, तो पहली पारी कितने बजे की है?"