बोलत्या आईचे चोपन्न ठोके

शुक्रवारी न्हावऱ्याच्या पुढच्या वस्तीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मोटारसायकली उसाच्या बांधापर्यंत लागलेल्या, बायका ओट्या घेऊन रांगेत, आणि पत्र्याच्या मंडपात विजेवर चालणारा नगारा धडाधडा वाजत होता. त्याला खेटून लाकडी फळ्यांचा चौथरा, चौथऱ्यावर हिरवं लुगडं नेसलेली 'बोलती आई'. प्रश्न विचारला की तिचा पितळी मुखवटा हळूच पुढं वाकायचा, म्हणजे हो. बाजूला वळला, तर नाही. मल्हारीबुवा दहा हात लांब, दोन्ही हात वर करून बसायचे. वस्तीवरच्या शाळेतल्या हौशीराम गुरुजींनी मागच्या महिन्यात दोरी शोधली, बटण शोधलं. काही सापडलं नाही. तेव्हापासून गर्दी दुप्पट झाली होती.

माझ्या भावाची लेक अनिता मांडीवर ईश्वरीला घेऊन बसली होती. ईश्वरी आठ वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला, तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं. पोर सुई बघून रडायची, अनिता तिच्याबरोबर रडायची. मीच म्हणाले, एकदा आईची ओटी भरू, कौल घेऊ. आमच्याकडं विहीर खणायची तरी कौल घेतात. माझं चुकलं ते इथं.

"आई, लेकरू सुईनं चाळण झालंय गं!" बुवांनी सूर लावला. "लिंबू धरा. पदर पसरा. ए मागं, चपला काढ! हां, आता विचारतो. आई, ही सुई बंद करू का?"

मुखवटा वाकला. मंडप दणाणला.

"बुवा," अनिता चाचरत म्हणाली, "डॉक्टर म्हणले, एक दिस चुकवायची न्हाई."

"डॉक्टर मोठा का आई मोठी? आई डॉक्टरकी न्हाई शिकली, तिनं डॉक्टर जन्माला घातल्यात! अकरा दिस अंगारा. सुई टोचली तर आई अंग काढून घेईल."

तेवढ्यात कुणी काही विचारलं नसताना मुखवटा बाजूला वळला. बुवा गरजले, "मागं कुणीतरी आंघोळ न करता आलंय!" चार माणसं मुकाट उठून गेली.

मी तिथं जप करत बसले होते. नगाऱ्याच्या ठोक्याला एक मणी, असा हात आपोआप चालला होता. परतताना एसटीत माझ्या ध्यानात आलं, की एकशे आठ मणी संपून मेरुमणी बोटाला लागला की आई दरवेळी 'नाही'च म्हणत होती. माळेच्या मध्यावरही 'नाही'. देवीला माझ्या माळेचा हिशोब कशाला हवा?

शिक्रापूरला आमच्या वरच्या खोलीत करुणा भाड्यानं राहते. कारखान्यात यंत्रांचे भाग कॉम्प्युटरवर काढते. शनिवारी तिला सुट्टी होती. तिला सगळं सांगितलं.

"काकू, मान कशी वाकते? पटकन?"

"हळू वाकते. तीनेक मणी तशीच राहते. मग झटकन वर."

करुणानं लॅपटॉप उघडला. एक चकती काढली, पण गोल नाही, एका अंगाला फुगलेली. "हिला कॅम म्हणतात. ही फक्त स्वतःभोवती फिरणार, आणि हा दांडा फक्त वर-खाली होणार. हे झाले जॉइंट." तिनं चकती फिरवली. फुगवटा दांड्यातून आरपार गेला, दांडा हललाही नाही.

"अगं, हे तर भूतच!"

करुणा हसली. "कॉन्टॅक्ट द्यायचा राहिला. या दोन वस्तू एकमेकींना टेकतात, हे आपण सांगितल्याशिवाय कॉम्प्युटरला कळत नाही." तिनं ते सांगितलं आणि पुन्हा फिरवली. दांडा हळू चढला, वर थांबला, झटकन पडला. तीच मान! मग पहिली चकती ज्या दांडीवर फिरत होती, तिच्यावरच दुसरी बसवली, बाजूला ढकलणारी. मी आठवून सांगितलेले मण्यांचे आकडे तिनं भरले. अठराव्या ठोक्याला हो, छत्तिसाव्याला हो, चोपन्नाव्याला नाही. पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे बटण लागतच नाही," करुणा म्हणाली. "नगाऱ्याची मोटारच हे फिरवत असणार. बुवा ठोके मोजतो. हवं ते उत्तर यायच्या वेळेला प्रश्न टाकतो. मधला वेळ लिंबू धरा, चपला काढा."

रविवारी सकाळी अनिताला हे सांगायला निघणार, तोच तिचा फोन आला. मागं नगारा वाजत होता.

"आत्या, ईश्वरी रातीपासनं ओकतीय. श्वास लई जोरात घेतीय. तोंडाला पिकल्या फळावानी वास येतोय. बुवा म्हणत्यात, पीडा निघतीय."

"आधी दवाखान्यात ने!"

"आई न्हाई म्हणलीय सुईला. मी कशी मोडू? कायतरी झालं तर?"

फोन बंद. करुणानं ॲम्ब्युलन्सला वस्तीचा पत्ता दिला आणि मला स्कूटीवर बसवलं. रस्ताभर मला देवाचं नावसुद्धा आठवलं नाही.

मंडपात ईश्वरी अनिताच्या मांडीवर पडली होती. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. मी उचलायला गेले तर अनितानं तिला छातीशी घट्ट धरलं. "न्हाई आत्या! आई कोपंल!"

मी तिच्याजवळ बसले. मुखवटा वळायची वाट पाहिली आणि तिथून मोजायला लागले. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही, त्या दिवशी ओरडले.

"आता आई हो म्हणंल!"

मुखवटा वाकला.

"आता परत हो!"

वाकला.

"आता न्हाई!"

वळला.

"ओ बाई, आईची थट्टा करता?" बुवा उठले.

"थट्टा कोण करतंय, ते बघू या. आई, ईश्वरीला सुई द्यायची का?"

मुखवटा वाकला. अनिताच्या तोंडातून हुंदका फुटला.

"आई, हा मल्हारी खोटा हाय का?"

पुन्हा वाकला. मागं एक म्हातारी हसली. बुवांनी धावत जाऊन नगाऱ्याची पिन उपटली. नगारा थांबला, आणि मुखवटा वळता वळता अर्ध्यातच अडकला.

"नगारा बंद केला, तर आई का थांबली रं?" कुणीतरी विचारलं.

गर्दीत मागं उभ्या असलेल्या हौशीराम गुरुजींनी दोघांना हाताशी धरून चौथऱ्याची फळी उचकटली. नगाऱ्यातून एक दांडी आत गेली होती. तिच्यावर ग्रीस फासलेल्या दोन चकत्या, एकेका अंगाला फुगलेल्या. करुणानं दांडी हातानं फिरवली. मुखवटा वाकला, वाकला, वळला.

"आत्या, मंग आता मी कुणाला विचारू?" अनिता म्हणाली. तसा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

"डॉक्टरला, पोरी. मीबी सांगितलेलं ऐकू नको. मीच तुला हितं आणलं."

तिचे हात सैल झाले. ॲम्ब्युलन्स बांधावर आली होती.

शिरूरच्या दवाखान्यात दोन दिवस ईश्वरी डोळे उघडत नव्हती. रक्त आंबट झालं होतं, डॉक्टर कसलाच शब्द देत नव्हते. तिसऱ्या दिवशी ती पाणी म्हणाली. सुई तिला जन्मभर लागणार आहे, आणि सुईवर ती जन्मभर जगणार आहे.

बायांनो, मी आजही उपास धरते. तुम्हीही धरा. पण लेकराचं औषध कौलावर सोडू नका. खरा देव आपल्या प्रश्नांना असा ठोक्यावर उत्तर देत नाही. जो देतो, त्याच्या पायाखालची फळी आधी उचला. आणि कुणी उचलू देत नसेल, तर लेकराला घेऊन तिथून निघा. उशीर करू नका. मी केला होता.