गुणाजीचं जर्मन

श्यामकांत टिपणीस यांनी जीभ बाहेर काढली. त्याच वेळी कंपनीच्या बसने पवईला वळण घेतलं, त्यामुळे जीभ जरा डावीकडे गेली.

"अजून," शेजारचा गुणाजी म्हणाला. "पुरी भायर येऊक व्हयी. पुरी बघल्याशिवाय नर्स सोडी नाय."

श्यामकांतांनी ती पुरी काढली. पुढच्या बाकांवरून अकाउंट्सचे दोघेजण मान वळवून बघत होते. आपले साहेब हल्ली मागच्या बाकावर कँटीनच्या माणसाशेजारी बसतात, हे त्यांनी एव्हाना पचवलं होतं. जीभ मात्र नवीन होती.

"आता तुमी नर्स, मी पेशंट. सांगा."

"ओत्वूश," श्यामकांत म्हणाले. "ओत्वूश उस्ता."

गुणाजीने निमूटपणे तोंड उघडलं. शिष्याची प्रगती समाधानकारक होती.

गुणाजी पूर्वी मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. उत्तरेकडच्या एका बंदरात तो बर्फावरून घसरला, पाय मोडला, बोट निघून गेली, आणि अख्खा हिवाळा त्याने तिथल्या इस्पितळात काढला. वॉर्डात त्याची भाषा कोणाला येत नव्हती, तेव्हा नर्स बोलतील ते तो शिकला. बोटीवरचे लोक त्या सगळ्या किनाऱ्यालाच जर्मनी म्हणत. गुणाजीही म्हणे. नकाशा बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

श्यामकांतांवर जर्मन शिकायची वेळ आली ती टेलिफोनमुळे. त्यांचा मुलगा बाळ छत्तीस वर्षांचा होता आणि जर्मनीत स्टुटगार्टला असे. त्याची बायको उर्सुला आणि साडेपाच वर्षांची मुलगी लीना यांना घेऊन तो नाताळात पंधरा दिवस मुलुंडला येणार होता. हे कळवताना त्याने रिसीव्हर लीनाच्या हातात दिला. श्यामकांत "हॅलो" म्हणाले. तिकडून एक लांबलचक, गोड, चढउतार असलेलं काहीतरी आलं आणि शेवटी प्रश्नासारखं थांबलं. श्यामकांत पुन्हा "हॅलो" म्हणाले. फोन ठेवल्यावरही ते बराच वेळ स्टुलावर बसून होते. बाळ चार-पाच वर्षांतून एकदा यायचा. मागच्या वेळी लीना पाळण्यात होती. पुढच्या वेळी ती शाळेत असेल, आणि भाषा न येणाऱ्या आजोबांकडे सुट्टी घालवायला कोणतं पोर हट्ट धरतं?

फोर्टात जर्मनचा एक वर्ग होता. तिथे ते एकदाच गेले. विशीतल्या इंजिनिअरांमध्ये बसून, टेबल हा तिकडे पुरुष असतो एवढं ऐकलं आणि परत आले. या वयात टेबलांशी नव्याने ओळख करून घेणं शक्य नव्हतं. मग कोणीतरी सांगितलं की कँटीनमधल्या गुणाजीला जर्मन येतं. तो नाहूरला बसमध्ये चढायचा. श्यामकांत त्याला आधी अरे-तुरे करत. दुसऱ्या धड्यापासून अहो-जाहो आपोआप सुरू झालं.

पाहुणे आले त्या संध्याकाळी लीना दिवाणाच्या कडेवर पाय हलवत बसली होती. श्यामकांत समोर जाऊन उभे राहिले. घसा साफ केला.

"झूपा?" त्यांनी विचारलं.

लीनाने वर पाहिलं. "सुप्पं?" ती म्हणाली, आणि आनंदाने मान हलवू लागली.

"काय म्हणाली?" सुहासिनीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"सूप हवंय तिला," श्यामकांत शक्य तितक्या सहज म्हणाले. असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात यापूर्वी फक्त बढतीच्या वेळी आला होता. बाळ तेव्हा आंघोळीला गेला होता, आणि उर्सुला विमानातून उतरल्यापासून झोपली होती.

चारच दिवसांत लीनाचं पोट बिघडलं. ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं, आणि बाळ-उर्सुलाची जयपूर-आग्र्याची तिकिटं आधीच काढलेली होती. रद्द करावीत की नाही यावर जर्मन, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांत चर्चा झाली.

"तुम्ही जा," श्यामकांत म्हणाले. "आम्ही बघतो. मला तिची भाषा येते."

बाळने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्हाला?"

"थोडीफार."

निघताना बाळने लीनाला मांडीवर घेऊन काहीतरी समजावलं. काय सांगितलंस, असं सुहासिनीबाईंनी विचारलं तर म्हणाला, "आजोबांकडून मराठी शिकून घे म्हटलं. परत आल्यावर मला बोलून दाखवायचं."

आता मराठी शिकायचं तर ती कानावर पडायला हवी. सुहासिनीबाई तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. परदेशच्या मुलाशी इंग्रजीच बोललं पाहिजे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. "व्हेअर इज पेनिंग, डिअर? टेल ग्रॅनी," त्या म्हणायच्या. वरच्या मजल्यावरच्या शुभाताई "हाऊ आर यू, बेबी" म्हणून जायच्या. खालचा वाणी तिच्याशी हिंदीत बोलायचा, आणि बिल्डिंगमधल्या पोरांना आयांनी बजावून पाठवलं होतं की फाडफाड इंग्रजी बोला, संधी आली आहे. एका मराठी घरात ती आठवडाभर राहिली आणि तिच्याशी मराठीत कोणी चकार शब्द बोललं नाही.

बोलत होते ते आजोबा. तेही अंथरुणाशी बसून.

"ग्जे बोली?" श्यामकांत विचारायचे. कुठे दुखतंय?

पहिल्यांदा तिला कळलं नाही. त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. "बोली." मग कपाळावर. "बोली?" लीनाने त्यांचा हात धरला आणि आपल्या बेंबीवर ठेवला.

"बोली," ती म्हणाली.

इस्पितळातलं बोलणं आजारी मुलाला असं चपखल बसतं हे त्यांच्या आधी कोणाच्या लक्षात आलं नसावं. तोंड उघड. जीभ दाखव. गरम आहे. अजून एक घास. थंडी वाजते? झोप आता. दिवसाला याहून जास्त काय लागतं? होय म्हणायला 'ताक' म्हणायचं, हेही ती शिकली. सुहासिनीबाईंनी ताक आणून दिलं. पोटाला ते बरंच होतं.

ती हिंडूफिरू लागली तेव्हा आजोबांच्या बोटाला धरून वाण्यापर्यंत जायची आणि जिन्यात भेटेल त्याला नमस्कार म्हणून "जेन दोब्री" म्हणायची. लोक कौतुकाने "थँक्यू" म्हणायचे. श्यामकांत रोज सकाळी बसमध्ये नवीन शब्द घ्यायचे आणि संध्याकाळी तिला आणून द्यायचे. खाऊही आणायचे, पण ती आधी शब्द मागायची. खिडकी, चादर, बर्फ. बर्फ दाखवायला त्यांनी शेजारचा फ्रीज उघडला.

बाळ आणि उर्सुला परतले तेव्हा लीनाने धावत जाऊन बापाला खुर्चीत बसवलं. समोर उभी राहिली, हात मागे बांधले आणि एका दमात सगळं म्हणून दाखवलं. जीभ काढायलाही लावली. शेवटी जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि वाट पाहू लागली.

बाळचा चेहरा कोरा होता. उर्सुला एका इस्पितळात काम करायची. तिने लीनाला पुन्हा म्हणायला लावलं, आणि नवऱ्याला हळू आवाजात दोन वाक्यं सांगितली.

"बाबा," बाळ म्हणाला, "हे पोलिश आहे. हिच्या वॉर्डात झाडलोट करणारी बाई असं बोलते."

"जर्मन नाही?"

"नाही."

"झूपा तर बरोबर होता."

"तो जमला. जर्मनमध्ये सुप्पं म्हणतात."

श्यामकांतांनी चष्मा काढून पुसला. "आणि शेवटी ती काय म्हणाली?"

बाळ हसू दाबत होता. बापाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू आपोआप गेलं. "विचारत होती, आता मला मराठी येतं ना?"

हे पोरीला कोणी आणि कसं सांगायचं यावर नवराबायकोचं जर्मनमध्ये बोलणं झालं. घरी गेल्यावर सावकाश सांगू, असं ठरलं. श्यामकांतांचं मत कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर कुठल्या भाषेत द्यावं हेही त्यांना सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते मागच्या बाकावरच बसले. मुलुंडपासून त्यांनी एक वाक्य तयार ठेवलं होतं: गुणाजी, ते जर्मन नव्हतं. नाहूरला गुणाजी चढला, शेजारी बसला.

"काय साहेब, पोरीक समाजता मा?"

"सगळं समजतं," श्यामकांत म्हणाले. यात काडीचंही खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

"मी सांगलंय तुमका. जर्मन एकदम सोपी भाषा."

तयार वाक्य श्यामकांतांनी बाजूला ठेवलं. "गुणाजी, परवा ती जाणार. 'परत ये' कसं म्हणतात?"

गुणाजीने डोकं खाजवलं. भांडुप गेलं. "ता माज्याकडे नाय."

"तुम्ही निघालात तेव्हा कोणी काही म्हणालं असेल ना?"

"म्हणाली. मोठी नर्स दारापर्यंत इली होती." आणि गुणाजीने ते वाक्य म्हटलं, काठोकाठ भरलेलं भांडं नेल्यासारखं, सावकाश. सुरुवातीला 'न्ये' होतं.

"न्ये म्हणजे नाही."

"व्हय."

"काय नाही?"

"काय म्हायत. पण इस्पितळाच्या दारात उभी रवान माणूस काय सांगतला? परत येव नको, म्हणाली असतली. चांगल्या मनान." त्याने खिडकीची काच वर सरकवली. "मी तिचा आयकलंय. परत गेलंय नाय."

बसने पवईला वळण घेतलं. पुढच्या बाकांवरून कोणी वळून पाहिलं नाही. आज बघण्यासारखं काही नव्हतं.

सहारच्या विमानतळावर दुपारी ऊन मी म्हणत होतं आणि लीनाच्या हातात तिकडच्या थंडीचा कोट होता. सुहासिनीबाईंनी तिचा मुका घेतला. "बाय बाय, डिअर. स्टडी वेल." मग ती आजोबांसमोर येऊन उभी राहिली. हात मागे बांधले आणि मान वर करून, धडा सुरू व्हायची वाट पाहू लागली.

श्यामकांतांनी मनातल्या मनात सगळे शब्द चाळून पाहिले. पाव, पाणी, सूप, चादर, जीभ, बर्फ. गुणाजीच्या नर्सचं वाक्यही पाठ होतं, पण ते त्यांच्याच्याने म्हणवेना.

ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

"परत ये गं," ते म्हणाले. "लवकर ये. मी आहे तोवर ये."

लीनाच्या कपाळावर आठी पडली. तिने त्यांच्या ओठांकडे बघितलं, पुन्हा म्हणतील म्हणून थांबली. मग वळून बापाची बाही ओढली आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

बाळ सामानाची गाडी ढकलत होता. तो थांबला.

"काय म्हणते?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"विचारतेय, आजोबा आत्ता कुठली भाषा बोलले."

"मग सांग ना तिला."

दारावरच्या शिपायाने हात पुढे केला होता. बाळ खिशात तिकिटं शोधू लागला.