शेवटची दोन मिनिटं

"आणि शेवटची दोन मिनिटं तर विचारूच नका," मास्तर माइककडे झुकून म्हणाले. "पडद्यावर काहीच नाही. नुसती शांतता. दिग्दर्शकाचा डोळा लागला होता की काय?"

बाईंचा हात पाण्याच्या पेल्यावर तसाच राहिला.

अकरा वर्षं दर शनिवारी सकाळी ही दोघं रेडिओवर नव्या सिनेमावरून कडाकडा भांडत आली होती. मास्तर निवृत्त चित्रकला शिक्षक, बाई वाचनालयात नोकरीला. श्रोत्यांना ठाऊक ते नुसते मास्तर आणि बाई. दोघांचा एक नियम होता: माइकबाहेर सिनेमाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. शुक्रवारी थिएटरातसुद्धा मास्तर चौथ्या रांगेत कडेला बसत आणि बाई पार मागे. एकाचा चेहरा दुसऱ्याला दिसायलाच नको. शिळं भांडण ऐकणाऱ्याला लगेच कळतं, असं मास्तर म्हणत.

पण काहीच नाही? गेल्या वर्षी नायकाचं घड्याळ मध्येच डाव्या हातातून उजव्या हातात गेलं, ते अख्ख्या गावात एकट्या मास्तरांनी पकडलं होतं. हा माणूस डोळ्यांत तेल घालून सिनेमा बघायचा.

बाईंना एकेक आठवायला लागलं. दोन महिने झाले, मास्तर श्रोत्यांची पत्रं त्यांच्याकडे सरकवत होते. "तुमचा आवाज गोड, तुम्हीच वाचा." आणि बाई वेड्यासारख्या खूश होत होत्या. जिना उतरताना कठडा न सोडणारा हात. आणि रंगांवरून तर मास्तर कितीतरी दिवसांत भांडलेच नव्हते.

काचेपलीकडून कार्यक्रमाच्या निर्मात्याने खूण केली. एका श्रोत्याचा फोन जोडला गेला.

"मास्तर, खरं सांगा, शेवट पाहिलात का तुम्ही?"

मास्तरांनी टेबलाची कड घट्ट धरली. ज्याला सिनेमा दिसत नाही त्याला या खुर्चीत कोण बसू देणार? बायको गेल्यापासून त्यांचा अख्खा आठवडा या एका खुर्चीवर उभा होता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"थांबा हो, आधी माझी पाळी," बाई मध्येच घुसल्या. "मास्तर ज्याला काहीच नाही म्हणतात, ते मी सांगते, मग ठरवा तुम्हीच. आई मुलाचा शर्ट पलंगावर पसरते. पांढरा, कॉलर जरा पिवळी पडलेली. खालून एकेक बटण लावत वर येते. गळ्याशी शेवटचं लावते आणि लगेच काढते. पहिल्याच प्रसंगात तो म्हणाला होता ना, गळा आवळतो म्हणून? मग त्या शर्टाशेजारी आडवी होते. बस्स."

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मग ते माइककडे झुकले.

"हरलो, बाई. माझ्या नजरेतून सुटलं."

असं ते अकरा वर्षांत कधी म्हणाले नव्हते.

कार्यक्रम संपला, माइकवरचा लाल दिवा विझला. निर्माता चहा सांगायला गेला.

"कधी कळलं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"आत्ताच."

"मग? सांगणार त्याला?"

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली. "माइकबाहेर बोलायचं नाही, असं ठरलंय आपलं."

पुढच्या शुक्रवारी, दुपारच्या खेळाला, बाई चौथ्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

"पाय आत घ्या."

"नियम मोडताय."

"मोडतेय."

अंधार झाला. बाई त्यांच्या कानाशी झुकल्या.

"गाडी येतेय."

"ते येतंय हो मला ऐकू," मास्तर कुजबुजले. "ऐकू न येणारं सांगा."

बाई पडद्याकडे नीट निरखून पाहू लागल्या. इतक्या वर्षांत असं कुणासाठी बघितलं नव्हतं.

"खिडकीत एक बाई आहे. निळा स्वेटर घातलाय."

"निळा म्हणजे कुठला निळा?"

"निळा तो निळा."

"असं कसं? आकाशाचा, शाईचा, की मोरपिशी?"

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी वळून श्शू केलं. पण तोवर दोघांची जुंपली होती.